बाबांना पंखा समजणारा ब्राउझर

माझ्या धंद्यात दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी एक नवी गोष्ट घेऊन येतं आणि आता जग बदलणार असं सांगतं. मी मान डोलावते. जग बदलतं की नाही ते माहीत नाही, माझं काम मात्र हमखास वाढतं.

पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा चांगली वेबसाइट म्हणजे हलणारी वेबसाइट. ब्राउझरला एक प्लगइन जोडायचं, मग कंपनीचा लोगो गिरक्या घेत यायचा, मागे संगीत वाजायचं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'स्किप इंट्रो' असं बटण असायचं. मी आठवडेच्या आठवडे त्या गिरक्यांवर घालवले आणि बघणारा प्रत्येक जण आधी ते बटण शोधायचा. या प्रकाराला 'रिच इंटरनेट ॲप्लिकेशन' म्हणायचे. त्यातली श्रीमंती माझ्या पगारापर्यंत कधी पोचली नाही. नव्याचे नऊ दिवस संपले, ते प्लगइनही जगातून गेलं, आणि माझे गिरक्या घेणारे लोगो आता कुठल्याच मशीनवर उघडत नाहीत. मला त्याचं काडीचंही दुःख नाही.

आता मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत स्वयंपाकघरं विकणाऱ्या एका कंपनीसाठी काम करते. गिऱ्हाईक घरी सोफ्यावर बसून ब्राउझरमध्येच आपलं किचन मांडतं. सिंक खिडकीखाली ओढतं, कपाटांना रंग लावून बघतं, आत शिरून एक फेरी मारून येतं, अडलं तर तिथूनच आमच्या विक्रेत्याशी बोलतं. प्लगइन नाही, काही इन्स्टॉल करणं नाही, नुसती एक लिंक. पूर्वी ज्यासाठी भलंमोठं सॉफ्टवेअर लागायचं ते आता ब्राउझर मुकाट्याने करतो. मायक्रोफोन उघडतो, कॅमेरा उघडतो, दोन माणसांच्या मशीन एकमेकींना थेट जोडून देतो. मी वयाने आणि स्वभावाने कुरकुरी झाले आहे, पण हे पाहिलं की अजूनही खुर्चीत सरसावून बसते. आमचा मॅनेजर तेवढ्यात येतो आणि विचारतो, "कॅन वी मेक इट फील अ बिट मोअर अलाइव्ह?" किचन आणखी किती जिवंत करायचं ते त्यालाच माहीत.

पण जिवंत म्हणावं असं मी एकच काहीतरी बनवलं आहे, आणि ते बाबांसाठी.

बाबा नागपूरला असतात. शाळेत व्यायामशिक्षक होते. आमच्या घरच्या गणपतीची आरती आयुष्यभर त्यांनीच सांगितली. आई तबक घेऊन, बाबा झांज घेऊन सर्वांत पुढे, देवाकडे तोंड करून, आणि आम्ही सगळे त्यांच्या पाठीमागे. एका आरतीत मधेच एक सूर लांबवायचा असतो. तो कोणता हे मराठी माणसाला सांगायला नको. त्या सुरावर आमच्या घरी दरवर्षी चढाओढ चालायची. मी आणि दादा डोळे पांढरे होईपर्यंत ओढायचो, पण बाबांच्या आधी सुटायचोच. बाबा मात्र शिट्टी वाजवल्यासारखे सरळ जात राहायचे. मधे झांजेचा एखादा जोरदार ठोका द्यायचे, आणि आमच्यातला शेवटचा आवाज पडला की मगच सूर सोडायचे. मग मागे वळून आमच्याकडे असं बघायचे की जणू आम्ही शाळेच्या मैदानाला एक फेरीही न मारता बसलो आहोत.

दादा आता लंडनच्या इल्फर्डला असतो, मी इथे. सुट्ट्या, शाळा, तिकिटं यांत गणपतीला नागपूर गाठणं जमत नाही. म्हणून गेल्या वर्षी आम्ही ऑफिसच्या मीटिंगला वापरतात तसल्या सॉफ्टवेअरवर तिन्ही घरांची एकत्र आरती करून पाहिली. त्याची जी दशा झाली ती विचारू नका. मीटिंगचं सॉफ्टवेअर सर्वांत मोठ्या आवाजाला पुढे करतं, आणि आमच्यात सर्वांत मोठा आवाज दादाचा. शिवाय नागपूरचा आवाज इथे पोचायला थोडा वेळ लागतो आणि आमचा तिकडे जायला पुन्हा तेवढाच. बाबा आमच्यासाठी थांबायचे, आम्ही बाबांसाठी थांबायचो, आरती हळूहळू होत बैलगाडीच्या चालीला आली. शेवटी आईनेच फोन बंद केला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बाबांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आले ते वाळून. फिजिओथेरपिस्टने त्यांना तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. नळीतून श्वास ओढायचा आणि तिन्ही गोळ्या वर न्यायच्या. बाबांच्या दोन जायच्या, तिसरी जागची हलायची नाही. व्हिडिओ कॉलवर ते यंत्र आमच्यापासून लपवायचे. जन्मभर पोरांना पळवलेला माणूस, त्याला आपला श्वास असा बाटलीत मोजला जाणं सहन होत नव्हतं. आई म्हणाली, "गणपतीत आरती कोण सांगन, हेच डोक्यात घेऊन बसले आहेत. मी नाही सांगितली तर मी संपलो, असं म्हणतात." मला ते ऐकून रडू आलं, आणि रडू आलं की मी कोड लिहायला बसते. दुसरं काही मला येत नाही.

पेज साधंच होतं. मर्म एवढंच, की आवाज एकाच दिशेने जाणार. बाबा आधी म्हणणार, तो आवाज इल्फर्डला आणि कॉव्हेंट्रीला येणार, आणि आम्ही त्यावर म्हणणार. आमचे मायक्रोफोन बंद. आमचा आवाज तिकडे गेला की तो उशिराच पोचणार आणि बाबांची चाल मोडणार. म्हणून जो पुढे आहे त्याने मागच्यांना ऐकायचंच नाही. चित्रही नाही, कारण उशिरा वाजणाऱ्या टाळ्या नुसत्या दिसल्या तरी माणूस अडखळतो. मी हे बाबांना फोनवर समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी एकटाच गाऊन राहीन?"

"एकटे नाही बाबा. आम्ही असूच. फक्त तुम्हाला ऐकू येणार नाही."

"ठीक आहे," ते म्हणाले. आवाजावरून ते काही ठीक वाटलं नाही.

गणपतीच्या आधी एका रविवारी चाचणी घेतली. आईच्या फोनमध्ये सुप्रभातच्या फुलांनी एवढी जागा खाल्लेली की नवं ॲप मावलंच नसतं. लिंकवर बोट ठेवताच पेज मात्र उघडलं. ब्राउझरने मायक्रोफोनसाठी परवानगी मागितली, बाबांनी शिस्तीत ती नाकारली, आणि माझ्या मुलीने त्यांना फोनवरून ती परत द्यायला लावली. "आबा, टॉपला ते लॉक आहे ना, ते प्रेस करा. नाही, नॉट युवर फोन लॉक!" ती इथेच जन्मली आहे, आता सेकंडरी स्कूलला जाते, आणि आबांशी असंच बोलते. आबांना सगळं कळतं.

बाबांनी आरती सुरू केली. आवाज स्वच्छ येत होता. मला वाटलं, जमलं. मग तो लांब सूर आला. बाबांनी तो धरला आणि क्षणभरातच आवाज बारीक होत होत नाहीसा झाला. नुसती शांतता. थोड्या वेळाने पुढची ओळ आली, जसं काही झालंच नव्हतं. दादाने मला लगेच मेसेज केला, 'बाबांचा दम गेला गं.' आणि भोळेपणाने, चाचणी छान झाली म्हणून, त्याने ते रेकॉर्डिंग घरच्या ग्रुपवर टाकलं.

बाबांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. बाबांनी शेजारच्या काकांना यंदाची आरती सांगायला विचारलं होतं. मी बाबांना फोन द्यायला लावला.

"मला वाटलं होतं मी धरला सूर," ते म्हणाले. "पुरा धरला असंच वाटून राहिलं होतं. पण रेकॉर्डिंग काही खोटं बोलत नाही. आता मला माझंच कळत नाही, याला काय म्हणायचं?"

मी काहीबाही बोलले आणि फोन ठेवला. दम गेल्यापेक्षा तो गेलेला आपल्याला कळलाच नाही, याचा त्यांनी धसका घेतला होता. त्या संध्याकाळी मी लॅपटॉप किचनच्या टेबलावर ठेवला आणि मुलीला त्यासमोर उभं केलं. ती इथल्या पोहण्याच्या तलावाच्या टीममधून पोहते, तिची फुप्फुसं म्हणजे सायकलचा पंप. तिला म्हटलं, आबांसारखा सूर धर. मी वर बेडरूममध्ये फोनला हेडफोन लावून बसले. सूर आला, बारीक झाला, गेला. मी जिन्यावरून ओरडले, "का थांबलीस?"

"आय डिडन्ट! मी अजून गातेय!"

खरंच, खालून तिचा आवाज जिन्यातून येत होता, आणि हेडफोनमध्ये काही नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसले आणि एकटीच हसायला लागले.

झालं होतं असं. ब्राउझर मायक्रोफोन उघडतो तेव्हा आपणहून आवाजाची साफसफाई करतो. ऑफिसच्या मीटिंगसाठी ती सोय. माणूस बोलतो तेव्हा त्याचा आवाज वरखाली होतो, मधे थांबतो. जो आवाज एकाच उंचीवर सलग चालू राहतो तो माणसाचा नसणार, तो पंख्याचा किंवा फ्रिजचा असणार, असा त्याचा हिशोब. मग तो आवाज पुसून टाकतो. झांजही त्याने कचऱ्यात काढली होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी दिवसभर गिऱ्हाईक आणि विक्रेत्याच्या बोलण्यासाठी पेजं बनवणारी बाई, ते साफसफाईचं बटण मी सवयीने चालू ठेवलं होतं. आरतीच्या घरात वाढलेल्या वेब डेव्हलपरलाच शोभेल अशी ही चूक. बाबांचा सूर इतका सरळ होता की ब्राउझरने बाबांना पंखा समजलं.

मी लगेच फोन केला. तिकडे जेवणं उरकून झोपायची वेळ झाली होती.

"बाबा, तुम्ही थांबला नव्हता. तुम्ही सूर पुरा धरला होता. मशीनला तो पंख्याचा आवाज वाटला, म्हणून तिने कापला."

 ते म्हणाले, "किती नंबरवर होतो?"

"काय?"

"पंखा. पाचवर होतो का?"

"पाचवर, बाबा."

"मग शेजारच्याला नाही म्हणून सांगतो," ते म्हणाले, आणि फोन ठेवण्याआधी त्यांनी आईला मोठ्याने सांगितलेलं मी ऐकलं, "अवं, मी पाचवर होतो!"

गणपतीचा पहिला दिवस शनिवार होता. आमचा गणपती मुलीने क्राफ्ट शॉपमधल्या मातीचा केलेला, सोंड जरा जास्तच उत्साहात वळलेली. कापराच्या वेळी स्मोक अलार्म ओरडू नये म्हणून नवरा भांडी पुसायचं फडकं घेऊन त्याच्याखाली उभा होता. नागपूरचे रात्रीचे आठ म्हणजे आमची दुपार. साफसफाई मी बंद केली होती. बाबांचा आवाज आला, झांज आली, मागचा रस्त्यावरचा ढोलसुद्धा आला. आम्ही तिघं म्हणायला लागलो आणि आमची चाल बाबांच्या चालीत अलगद जाऊन बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या घरात उभं असल्यासारखं वाटलं. मी आनंदाने टाळ्या चुकवत होते.

लांब सूर आला. नवरा सुटला, मी सुटले, मुलगी सुटली. बाबा चालूच. आम्ही हसलो. बाबा अजून चालूच. झांजेचा ठोका पडला, सूर तसाच. मग तो थरथरायला लागला आणि माझं हसू गेलं. बाबांना आम्ही ऐकूच येत नव्हतो! आमच्यातला शेवटचा आवाज पडल्याशिवाय ते कधी सोडत नसत, आणि तो पडला हे त्यांना कळायची एकमेव वाट मीच बंद करून टाकली होती. मागून आईचा आवाज आला, "अहो, पुरे झालं!" बाबा थांबले नाहीत. मी त्यांच्या फोनवर कॉल लावला, आणि तो फोन आतल्या खोलीत वाजतोय हे मला माझ्याच पेजवरून ऐकू आलं. सूर फाटला, मग खोकला, मग बराच खोकला. पुढची ओळ आईने उचलली.

संध्याकाळी ते बोलले तेव्हा आवाज बसला होता, पण ताठा तसाच.

"आई सांगत होती ना थांबा म्हणून?" मी चिडून म्हणाले.

"तुझ्या आईला काय माहीत तुम्ही तिकडे थांबले का नाही? पोरं गाऊन राहिली असतील अन् मी आधी सोडला तर?"

 आवाज परत पाठवला तर चाल मोडणार, नाही पाठवला तर हा माणूस ऊर फुटेपर्यंत गाणार. रविवारचा सगळा दिवस मी आलेख, आकडे, लहरी काढून बघत होते. मुलगी मागून आली, माझ्या स्क्रीनकडे तिने शाळेतल्या कंटाळवाण्या तासाला बघते तसं पाहिलं.

"मम्मी, आबांना आपला व्हॉइस नकोय. ही जस्ट नीड्स टू नो आपण आहोत की नाही. एक लाइट दे ना. मी गातेय तोपर्यंत थम्ब ठेवीन."

तेवढंच केलं. आमच्या प्रत्येकाच्या फोनवर एक गोल, सूर चालू असेपर्यंत त्यावर अंगठा दाबून ठेवायचा. एकाचा जरी अंगठा खाली असला तरी बाबांच्या समोरच्या काळ्या पडद्यावर एक दिवा तेवत राहणार. सगळे सुटले की विझणार. थोडा उशिरा विझला तरी बिघडत नाही, दिव्याला ताल नसतो. दिवा मुलीनेच काढून दिला, तिच्या गणपतीच्या सोंडेसारखाच वाकडा. हे माझ्या कंपनीत दाखवलं असतं तर मॅनेजरने ते अलाइव्ह करायला सांगितलं असतं.

बाबा तीन दिवस आईच्या सांगण्यावरून गप्प बसले होते, आरती आईच म्हणत होती. पाचव्या दिवशी, विसर्जनाच्या आरतीला, ते पुन्हा झांज घेऊन उभे राहिले. आईने फोन समईच्या बाजूला टेकवून ठेवला होता. मुलगी शाळेतून थेट युनिफॉर्ममध्येच आली.

सूर सुरू झाला. आम्ही अंगठे दाबले. इल्फर्डला दादा नेहमीसारखा लवकर सुटला असणार. नवरा गेला, मी गेले. मुलगी डोळे मिटून, अंगठा पांढरा होईपर्यंत दाबून उभी होती, आणि फोनमधून बाबांचा सूर येत होता, शांत, न थरथरणारा. दोन आवाज एकमेकांना बिलगून चालले होते आणि त्यांतल्या एकालाच दुसरा ऐकू येत होता. झांजेचा ठोका पडला. आणि मग बाबांचा सूर डगमगला आणि सुटला. आधी बाबांचा. माझ्या आठवणीत असं कधीच झालं नव्हतं.  मुलीने डोळे उघडले आणि अंगठा उचलला. फोनमध्ये काही नव्हतं. मग एक आवाज आला, आणि तो खोकला नव्हता. बाबा हसत होते. आईही हसत होती. हसता हसताच त्यांनी पुढची ओळ घेतली.

आम्ही आमचा गणपती बागेत बादलीत विसर्जित केला आणि मी फोन लावला.

"त्रास नाही ना झाला, बाबा?"

"दम होता अजून. पण तो दिवा विझेचना! वाटलं आता विझेल, मग विझेल. मला हसू आलं अन् सूर सुटला. हरलो म्हणायचं. तुला अन् तुझ्या दादाला कधी जमलं नाही ते पोरीनं केलं. विचार तिला, एवढा दम कुठून आणला."

मुलगी गवतावर बसून मोदक खात होती. मी विचारलं.

"दम नव्हता," ती म्हणाली. "फिनिश झाला होता. पण आबा स्टिल गात होते, मग मी कशी सोडू? मी मधे ब्रेथ घेतला. प्लीज त्यांना सांगू नको, इट्स चीटिंग."

मी सांगितलं. राहवलं नाही. पलीकडे एकदम शांतता झाली. मी सवयीने स्क्रीन पाहिली, कनेक्शन ठीक होतं. मागे आईच्या भांड्यांचा आवाज येत होता. मग बाबा आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात बोलले.

"पोरीला सांग, झांज वाजते तेव्हा घ्यायचा श्वास. कोणाला कळत नाही."